ताराची वीत

"तुमच्या शाळेत रोज काहीतरी घडतं कसं गं?" असं माझ्या मैत्रिणी विचारतात. त्या सगळ्या आयटीत. त्यांच्याकडे आठवडाभर नुसत्या मीटिंगा घडतात. आता दुसरीच्या पोरांच्या हातात फूटपट्ट्या दिल्या, की काही मुद्दाम घडवावं लागत नाही. आपण फक्त फळ्याकडे तोंड करून हसू दाबायचं. मी मूळची निपाणीची, आता या कानडी शहरात एचएसआर लेआउटमधल्या एका शाळेत गणित शिकवते, आणि फळ्याकडे तोंड करून उभं राहण्यातच माझी हयात चालली आहे!

या टर्मचंच घ्या. लांबी शिकवत होते. पेन्सिल सेंटीमीटरमध्ये, खोली मीटरमध्ये, लांबचं गाव किलोमीटरमध्ये, असं सगळं सांगून झालं. मग विचारलं, "व्हाइटफील्ड इथून किती लांब?"

आरुषचे बाबा रोज तिकडे ऑफिसला जातात, म्हणून हात त्याचाच वर.

"दीड तास, मिस."

म्हटलं, "तासात नको, किलोमीटरमध्ये सांग."

तो विचारात पडला. "म्हणजे पाऊस नसताना?"

शेवटी उत्तर मीच फळ्यावर लिहिलं. आरुषला ते काही पटलं नाही. "एवढंच असतं तर बाबा जेवायला घरी नसते आले?" मी वाद घातला नाही. मी स्वतः रोज जयनगरहून ट्रॅफिक तुडवत येते, मी कुठल्या तोंडाने बोलणार!

*

याच वर्गात आमची तारा. नागपूरहून आलेल्या घरातली, एकुलती एक, आणि वर्गात सगळ्यात बुटकी. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. दर टर्मला शाळेच्या नर्स सिस्टर येतात आणि भिंतीला उभं करून एकेकाची उंची मोजतात, सगळ्यांसमोर, आकडा मोठ्याने सांगत. मागच्या वर्षी ताराचा आकडा ऐकून मागून कुणीतरी ओरडलं, "एलकेजी!" तेव्हापासून उंचीच्या दिवशी ताराचं पोट दुखतं. गेल्या टर्मला तर ती बाथरूममध्ये कडी लावून बसली होती.

तिची आई मला भेटायला आली तेव्हा रडवेली झाली होती. "काय करू जी मॅडम? उंचीचा विषय निघाला की पोरगी ताटावरून उठते."

मला त्या लेकराचं फार वाईट वाटायचं. या टर्मचा उंचीचा दिवस जवळ आला होता, आणि तारा त्या भिंतीला उभी राहील की नाही, याची धास्ती तिच्या आईइतकीच मलाही होती.

*

मधे आकार शिकवले. गृहपाठ दिला, घरून एक गोल वस्तू आणा, चेंडूसारखी, सगळीकडून गोल. लिंबं आली, मोसंबी आली, एकाने भावाचा टेनिस बॉल पळवून आणला. चिन्मयीने डबा उघडला तर आत बेसनाचा लाडू, दोन्हीकडून चपटा!

"हा गोल आहे?"

"घरून निघाला तेव्हा होता, मिस. बस सिग्नलला थांबली, मला भूक लागली."

"बरं, ही बाजू झाली. आणि ती?"

"तो पुढचा सिग्नल."

खरं बोलणाऱ्या पोराला रागवायचं तरी कसं? मी तिला पूर्ण मार्क दिले. दुसऱ्या दिवशी न सांगता अर्ध्या वर्गाने लाडू आणले. वाण नाही पण गुण लागतो, तो असा.

*

मग आलं लिटर. मिलिलिटर लहान, लिटर मोठं, हे पेले-बाटल्या भरून झालं. वर्गभर पाणी सांडलं, आमची सुजाता अक्का पोछा घेऊन दारात उभी राहिली आणि "स्वल्प थांबा की मिस" म्हणत राहिली.

मी विचारलं, "लिटरपेक्षा मोठं माप कुठलं?"

सगळा वर्ग एका सुरात: "टँकर!"

अपार्टमेंटमधली पोरं ती. उन्हाळ्यात सकाळी उठल्यावर घरात पहिला प्रश्न तोच असतो, टँकर आला का?

"बरं, टँकरपेक्षा मोठं?"

"दोन टँकर!"

"त्याहून मोठं?"

मग मागच्या बाकावरून आरुष म्हणाला, "कावेरी. पण ती आमच्याकडे नळाला अजून आली नाही."

दारातून अक्का म्हणाली, "आमच्याकडे पण."

*

आता उंचीचा दिवस. सिस्टर दुपारी येणार होत्या. सकाळी मी विती शिकवायला घेतल्या. कॉरिडॉरमध्ये पोरांना जोडीजोडीने आडवं झोपवलं, डोक्याशी आणि टाचेशी खडूची रेघ मारली, आणि सांगितलं, आता एकमेकांना आपापल्या वितीने मोजा. झोपायचं म्हटल्यावर ताराने काही कुरकुर केली नाही. पण नशीब बघा, तिच्या जोडीला आला निहाल, वर्गातला सगळ्यात उंच!

निहालने आपला लांबलचक पंजा ताणून तिला मोजलं. "सात!" बाकीच्यांची नऊ-नऊ येत होती. ताराचे डोळे भरले. मला माझाच राग आला. सकाळी सकाळी हा उद्योग सुचला कुणाला, तर मला!

आता पाळी ताराची. तिने नाक पुसलं, आणि आपली इवलीशी वीत निहालच्या डोक्यापासून टाचेपर्यंत टाकत गेली. "अकरा."

अकरा कुणाचीच भरली नव्हती. निहाल उठून बसला. "मी अकरा आहे?"

झालं! आपापली जोडी सोडून सगळी पोरं तारापुढे. "तारा, मला मोज!" "तारा, आधी मी!" तिने मोजलं की प्रत्येकजण वाढायचा. रांग पार जिन्यापर्यंत गेली. निहाल बिचारा पंजा पसरून उभा होता, त्याच्याकडे कुणी फिरकेना.

गोंगाट ऐकून हेडमिस्ट्रेस आल्या. बाई उंच टाचांसकट जेमतेम पाच फूट, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप होतो. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, मी घाबरत सांगितलं. त्या "सरी, सरी" म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. मग इकडेतिकडे बघून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "तारा, माझी किती भरते गं?"

ताराने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मिस, आधी चपला काढा."

त्यांनी काढल्या!

दुपारी सिस्टर आल्या. भिंतीवर टेप लावली, नावं घ्यायला लागल्या. "तारा" म्हटल्यावर मी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. तोवर तारा चालत गेली, बूट काढले, भिंतीला टाचा टेकवून ताठ उभी राहिली. सिस्टर टेपकडे वाकल्या, तसा तिने हात वर केला.

"सिस्टर, आधी सांगा, ही टेप कुणाच्या हाताची?"