पातेल्यातली बशी

आज पुन्हा दूध पातेल्याला लागलं. सोडा घालून पाणी उकळलं, तरी तळाचा काळा थर सुटेना. मी तारेची घासणी घेऊन बसले.

"आई, बाबांना आता गॅसजवळ जाऊच देऊ नकोस," मुलगी म्हणाली. दूध ठेवलंय हेच यांना हल्ली आठवत नाही. पण लग्न झाल्यापासून सकाळचं दूध हेच तापवतात. तेही काढून घेतलं, तर उठून यांनी करायचं काय?

विसरणंही असंच खाली लागत असणार, वर सगळं पांढरंशुभ्र दिसत असताना. ते मला खरवडता येणार नाही. पातेलं येतं. लख्ख होईपर्यंत घासलं.

मग ते विसळून तळाशी स्टीलची छोटी बशी उपडी ठेवली. दूध उकळायला लागलं की ती वाजते. "अहो, दूध ठेवता ना?" यांनी ठेवलं आणि पेपर घेऊन बसले.

बशी खडखडू लागली. मुलगी उठायला लागली, तसा मी तिचा हात धरला. बशी वाजतच राहिली. मग पेपर बाजूला पडला.

"आलो, आलो," हे बशीला म्हणाले.