खाडामावशींनी सुधारलेली दोन वाक्यं

वर्तमानपत्राच्या कचेरीत खाडामावशींना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. छपाईला जाणारा शब्द न् शब्द तपासायचा आणि चुकला की लाल पेनानं खोडायचा, हे त्यांचं काम. त्या कामात केस पांढरे झाले. खाडाखोड करणाऱ्या मावशी म्हणून आधी त्या खाडाखोडमावशी झाल्या आणि पुढे बोलायला सोपं म्हणून खाडामावशी. त्यांचं स्वतःचं टोपणनाव असं लोकांच्या तोंडी झिजून झिजून गुळगुळीत झालं, पण त्यावर काही त्यांनी कधी लाल पेन चालवलं नाही. ही गोष्ट त्यांच्या लक्षात कुणी आणून दिली नाही. तेवढी हिंमत होती कुणात?

त्यांच्या टेबलापलीकडे भाऊ बसत. मूळ कागद भाऊंच्या हातात, छापायचा कागद मावशींच्या. भाऊंनी विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं आणि मावशींनी ताडून पाहायचं, अशी जुनी पद्धत. दिवसभर तसं वाचून भाऊंच्या जिभेला वळणच पडलं होतं. पहारेकऱ्याच्या निरोपसमारंभात ते दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "आपले लाडके स्वल्पविराम प्रामाणिक स्वल्पविराम आणि कधीही न झोपणारे..." पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दुसरा स्वल्पविराम नको होता."

अशा या मावशी. नियमांची जुनी पुस्तिका त्यांना तोंडपाठ होती, आणि तिच्यातला पहिला नियम त्यांचा लाडका होता: आपला शब्द असताना परका शब्द छापायचा नाही. रस्त्यावर, दुकानात, घरात लोक काय वाटेल ते बोलोत, छापलेल्या कागदावर मात्र भाषा न्हाऊनमाखून, केस विंचरून आली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा हट्ट चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वर्तमानपत्रातली बातमी एकदा वाचली की कळायची, पुन्हा वाचावी लागायची नाही. हे सुख आजकाल किती जणांच्या वाट्याला येतं?

अडचण एवढीच होती की मावशी घरी जाताना लाल पेन कचेरीत ठेवत नसत.

त्यांना एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी ती लांबच्या शहरात एकटी राहायला गेली. घर लागल्यावर तिनं आनंदाच्या भरात आईला फोनवर लिहून पाठवलं, "आई, घर मस्त सेट झालंय! किचनची विंडो एकदम रस्त्यावर ओपन होते. खूप भारी वाटतंय!" मावशींनी चष्मा लावून ते वाचलं, त्यांना फार बरं वाटलं, आणि त्यांनी लगेच उत्तर पाठवलं: "घर छान लागले आहे. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्याकडे उघडते. फार आनंद होतो आहे." म्हणजे तिचंच पत्र तिलाच, धुऊन इस्त्री करून. लेकीचे निबंध त्यांनी लहानपणापासून असेच सुधारले होते. माया करायची त्यांना हीच रीत ठाऊक होती.

त्यानंतर लेकीकडून शब्द येईनासे झाले. मावशींनी विचारावं, "जेवलीस का?" उत्तर म्हणून वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. "थंडी आहे का तिकडे?" अंगठा. "तुझी फार आठवण येते." त्यावरही अंगठा, फार तर त्याच्या शेजारी एक लाल बदाम. अंगठ्यात चूक काढायला जागा नव्हती. मावशी तो अंगठा पाहत बसायच्या.

बापाशी मात्र पोरगी तासन्‌तास बोलायची. मावशी दाराआड कान देऊन उभ्या राहायच्या आणि फोन ठेवला की विचारायच्या, "अहो, काय म्हणाली?"

"ओके आहे म्हणाली."

"बरी आहे म्हणाली का?"

"ओके म्हणाली," नवरा शांतपणे म्हणायचा आणि पंख्याकडे बघत बसायचा.

लेकीनं आपल्याशीही असं भरभरून बोलावं, एवढी एकच गोष्ट मावशींना त्या दिवसांत हवी होती. ती कशी मिळवायची हे काही त्यांना उमगत नव्हतं.

तशात कचेरीत नवे संपादक आले. माणूस सज्जन, पण आल्या आल्या त्यांनी जुन्या पुस्तिकेलाच हात घातला. "लोक जे बोलतात ते छापायला आपण का लाजायचं?" असं त्यांचं मत. सगळ्यांनी बैठकीत बोलावं आणि मग नवे नियम ठरावेत, असा बेत झाला. मावशींच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

"आपल्या वाचकांत प्रत्येकाच्या घरचं बोलणं निराळं," त्या संपादकांना म्हणाल्या. "सगळ्यांना येऊन बसता येईल असं एक अंगण नको का? ते झाडायचं कुणी?"

"झाडा ना मावशी," संपादक हसून म्हणाले. "पण झाडताना बसलेली माणसं उठवू नका."

बैठकीत बघून घेऊ, असं मनाशी म्हणत मावशी कामाला लागल्या.

बैठकीच्या आदल्या दिवशी आतल्या पानावरच्या छोट्या जाहिराती तपासायला आल्या. गेलेल्या माणसाच्या आठवणीत घरचे लोक देतात तशी एक होती. वर एका हसऱ्या गृहस्थांचा फोटो, खाली "तुमची पत्नी", आणि मध्ये दोन वाक्यं. भाऊंनी वाचलं, "अहो स्वल्पविराम गॅस बंद केलाय पूर्णविराम टेन्शन घेऊ नका पूर्णविराम." वाचून ते जरा थांबले. "मावशी, हे कुणाच्या तरी घरातलं आहे. राहू द्यावं का तसंच?"

"जाहिरात आहे म्हणून नियम सुटतो का?" मावशी म्हणाल्या, आणि पेन चाललं. 'अहो' छापील मजकुरात बरं दिसत नाही, ते गेलं. गॅस गेला, टेन्शन गेलं. उरलं ते असं: "शेगडी विझवली आहे. आपण निश्चिंत असावे." मावशींनी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि त्यांना ते चांगलं भारदस्त वाटलं. गेलेल्या माणसाचा मान राखला, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी बैठकीच्या आधी एक बाई वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी आल्या. नीटनेटक्या, चापूनचोपून आवरलेल्या, आवाज अगदी खालचा.

"ही जाहिरात माझी आहे," त्या म्हणाल्या. "यातलं बोलणं कुणाचं आहे, ते विचारायला आले."

मावशींना वाटलं, बाईंना लिहिता येत नसावं, म्हणून त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुमचंच आहे. भाषा थोडी शुद्ध केली आम्ही."

"शुद्ध मला येतं हो," बाई म्हणाल्या. "आयुष्यभर बँकेत होते. अर्ज, उत्तरं, अहवाल, सगळं मीच लिहायची. तुमच्या वर्तमानपत्रातली भाषा आवडते म्हणून तर जाहिरात तुमच्याकडे दिली. पण हे मला शुद्ध लिहायचं नव्हतं."

भाऊंनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या.

"आमचे हे भारी घाबरट," त्या सांगू लागल्या, आणि बोलताना त्यांना थोडं हसू आलं. "अंथरुणावर पडले की विचारायचे, गॅस बंद केलास का? मी केलाय म्हटलं तरी उठून बघायला जायचे. मग मी ओरडायची, अहो, गॅस बंद केलाय, टेन्शन घेऊ नका! रोजचं होतं आमचं. दवाखान्यात नेलं तेव्हाही शुद्धीवर आले की तेच विचारायचे. मीही तेच सांगायची. शेवटचं बोलणं आमचं तेवढंच झालं."

मावशींच्या हातातलं पेन टेबलावर टेकलं.

"काल रात्री मनात म्हटलं, सकाळी छापून येईल, आपण वाचू, म्हणजे त्यांना सांगितल्यासारखं होईल. आणि सकाळी बघते तर..." बाईंनी घडी उलगडली. "आपण निश्चिंत असावे! मला कळेचना, ही कोण बाई माझ्या नवऱ्याशी बोलतेय? आणि तो बिचारा ऐकत असेल तर म्हणेल, शेगडी कुठली काढलीस आता?"

हे ऐकून भाऊंना फस्सकन हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. बाईही हसल्या. मावशींना मात्र हसता आलं नाही. आजवर त्यांच्या हातून चूक सुटली म्हणून माणसं भांडायला आली होती. चूक काढली म्हणून कुणी आलं नव्हतं. त्यांना भयंकर शरम वाटली, आणि त्या शरमेत भलत्याच ठिकाणाहून एक खिडकी त्यांच्या डोळ्यांपुढे आली, रस्त्यावर ओपन होणारी.

"उद्या पुन्हा छापते," त्या म्हणाल्या. "तुम्ही लिहिलंत तसंच. माझं चुकलं."

बाई गेल्या. मावशींनी तो मजकूर पुन्हा मागवला आणि म्हणाल्या, "भाऊ, वाचा."

भाऊंनी घसा खाकरला. "अहो स्वल्पविराम. गॅस बंद केलाय पूर्णविराम. टेन्शन घेऊ नका..." आणि इथं त्यांचा आवाज बसला. पूर्णविराम त्यांच्याच्यानं म्हणवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो वाचायचा राहिला. मावशींनी तो कागदावर बोटानं तपासला आणि खाली बरोबरची खूण केली.

बैठकीत सगळे जण मावशी आता तोफ डागणार म्हणून सावरून बसले होते. मावशी उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बातमी आपली आहे. तिथं मी सहजासहजी हटणार नाही. रोज नवा शब्द ऐकला की लगेच छापायचा, हे मला जमायचं नाही. पण माणूस जिथं आपल्या नावानं आपल्या माणसाशी बोलतो, तिथं यापुढे माझं पेन जाणार नाही. हा नियम पहिला लिहून घ्या."

संपादकांनी ते लिहून घेतलं. मग हळूच म्हणाले, "आणि मावशी, गॅस? बातमीत?"

मावशींनी खूप वेळ विचार केला. "गॅस घ्या," त्या एकदाच्या म्हणाल्या. "शेगडी विझवली असं म्हणणारं माझ्या माहितीत कुणी नाही. मीसुद्धा म्हणत नाही."

"टेन्शन?"

"ते अजून ओसरीवर थांबू दे. बघू पुढच्या वर्षी."

असं एकेका शब्दावर घासाघीस करत, कुरकुरत, मध्येच चिडत त्यांनी बरेच शब्द आत घेतले आणि बरेच दारातून परत पाठवले. संपादकांना हवं होतं त्याच्या निम्मंच मिळालं. पण मावशींशी भांडण न होता बैठक संपली, यातच त्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी घरी आल्यावर मावशींनी पर्स ठेवली, हातपाय धुतले आणि फोन घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. लिहायला सुरुवात केली. 'खिडकी' लिहिलं, पुसलं. 'विंडो' लिहिलं, तेही पुसलं. बोट काही ऐकेना. मग डोळे मिटून घेतल्यासारखं करून त्यांनी एका दमात लिहिलं: "तुझी किचनची विंडो मला बघायची आहे. रस्त्यावर काय काय दिसतं गं? मी तेव्हा विचारलंच नाही." आणि वाचून न पाहता पाठवून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न तपासलेला मजकूर बाहेर सोडला होता.

मावशी अंगठ्याची वाट बघत राहिल्या. अंगठा आला नाही. फोनच वाजला.

"आई? तू बरी आहेस ना? बाबा कुठे आहेत?" लेकीचा आवाज घाबराघुबरा.

"बसलेत पंख्याखाली. का गं?"

"तुझा फोन कुणाकडे आहे? हे कुणी टाइप केलं?"

"मीच केलं."

"तू 'विंडो' लिहिलंयस, आई."

"तुझीच आहे ना ती," मावशी म्हणाल्या. "तू म्हणशील तेच तिचं नाव."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग जो धबधबा सुरू झाला म्हणता! समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांचा पोपट, ऑफिसमधली बॉस, रोज लेट होणारी बस, सिंकचा लीक झालेला पाइप, पहिल्या आठवड्यात उशीत तोंड खुपसून रडणं, सगळं एकात एक. वाक्यं अर्धवट, शब्द कुठले कुठले. मावशी ओट्याला टेकून ऐकत होत्या. एकदोनदा जीभ वळवळली, नाही असं नाही. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि नुसतं "मग?" आणि "हो का?" एवढंच म्हणत राहिल्या. दाराआड त्यांचा नवरा कान देऊन उभा होता.

बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "चल आई, जेवते आता. सगळं गार झालं असेल."

"जेव. आणि ऐक, गॅस बंद केलास ना?"

"केलाय गं. टेन्शन घेऊ नकोस."

फोन दोन्ही हातांनी धरून मावशी म्हणाल्या, "नाही घेत."