येण्याच्या पानावरची सही

डहाणूत श्यामकांतना आडनावाने कोणी ओळखत नाही. ते गार्डकाका. चौतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून काढली. निवृत्त होऊनही नऊ वर्षं झाली, पण मनगटावरचं घड्याळ अजून रेल्वेच्या मिनिटावर चालतं. एकदा गाडी सात मिनिटं उशिरा पोचली. ड्रायव्हरने गयावया केली, साहेबांनी डोळे वटारले, तरी यांच्या वहीत ती सातच मिनिटं उशिरा पोचली. बढती वर्षभर लटकली. बायको वसुमतीबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "सही तुमची आहे ना? मग झालं."

दौलत म्हणाल तर त्या सहीएवढीच.

उतारवयात या माणसाला नाद लागला विजेवरच्या गाड्यांचा. पुतण्या रोशन तलासरीला हायवेवरच्या एका शोरूममध्ये विक्रीला लागला, तेव्हापासून. रोशनचे वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तो काकांच्याच घरात वाढला. काकांच्या वह्यांना पट्टी धरून रेघा मारायचं काम त्याचं. बक्षीस म्हणून शिट्टी वाजवायला मिळायची, तीही एकदाच.

"काका, गिऱ्हाईक कंपनीच्या आकड्यांना हसतं," रोशन एक दिवस म्हणाला. "तुमच्या आकड्याला कोण हसणार? दोन एसयूव्ही देतो. निळी मोठी, पांढरी लहान. फिरून बघा आणि लिहा."

"खरं लिहीन हां."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

काकांनी नवी वही काढली. डहाणूहून तलासरी, उधवा आणि पुढचा चढ, चव्वेचाळीस किलोमीटर. तेवढंच परत. दोन्ही गाड्यांना वाट तीच आणि वेळ तीच. जाताना पाच माणसं, टळटळीत दुपार, एसी चालू. त्यांतली तिघं चढावरच्या वाडीत राहणारी. त्यांना दारात उतरवायचं आणि संध्याकाळच्या वाऱ्यात, काचा खाली करून, उताराने दोघांनीच परतायचं. रोशन चालवायचा, काका शेजारी वही मांडीवर घेऊन बसायचे.

गार्डाची एक रीत असते. जाणं ही एक फेरी आणि येणं ही दुसरी. फेरी संपली की वेळ घालून सही करायची, तिथे ती मिटली. काकांनी तसंच केलं. डाव्या पानावर जाणं, उजव्या पानावर येणं, दोन्हींखाली सही.

जाताना निळीने चव्वेचाळीस किलोमीटरला नऊ युनिटं खाल्ली, पांढरीने साडेसात. येताना मात्र जड निळीने उतारावर ब्रेक मारता मारता बरीच वीज परत कमावली आणि पाच युनिटांत घर गाठलं. पांढरीला साडेपाच लागली. हायवेवरच्या चार्जरवर वीस टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत निळी पस्तीस मिनिटांत भरली, पांढरी पन्नास मिनिटांत. काका म्हणाले, "चार्ज व्हायला निळी चपळ आणि एका दमात जास्त लांब जाईल, कारण तिची टाकीच मोठी, साठ युनिटांची. पण विजेला सांभाळून खाते ती पांढरी. आणि एका चार्जमध्ये निळीचं खरं अंतर पावणेचारशेच्या आसपास. दोन्ही पानं मिळून."

"बरोबर," रोशन म्हणाला आणि मोबाइलने दोन्ही पानांचे फोटो काढले.

दीड महिन्याने घोलवडचा नयन आला. त्याची चिकूची वाडी आहे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं गुजराती. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. शोरूमचं पत्रक. त्यावर वहीचं उजवं पान, खाली ठळक अक्षरांत 'एका चार्जमध्ये ५२८ किलोमीटर' आणि त्याखाली काकांची सही.

"मी निळी घेतली, काका. आईला नाशिकहून आणायला गेलो. जायचं, तिथे दोन दिवस गावोगाव फिरायचं, यायचं, वाटेत चार्जिंगचा विचारच नाही. येताना मोखाड्याजवळ बॅटरी बसायला लागली. एका घरातून साधी वायर ओढून पाच तास थांबलो. आई परक्यांच्या ओट्यावर बसलेली, आणि इकडे भाचीचा साखरपुडा उरकला."

काकांनी पत्रक उलटून डावं पान शोधलं.

"रागावलो नाय हां," नयन म्हणाला. "फक्त विचारायला आलो. तुमची सही होती म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं ने."

त्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. वसुमतीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पत्रक पाहिलं आणि त्या चहाचं आधण न ठेवताच आत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एसटीने तलासरीला गेले. शोरूमच्या काचेवर तेच पान माणसाच्या उंचीएवढं मोठं करून लावलं होतं. रोशनने खुर्ची पुढे केली. काका उभेच राहिले.

"डावं पान कुठंय?"

"काका, एकही आकडा खोटा नाही."

"ते मलाही दिसतंय. डावं पान कुठंय?"

रोशन हळू आवाजात म्हणाला, "साहेब म्हणाले, एवढंच पुरे. महिन्याच्या गाड्या पुऱ्या व्हायच्या होत्या. अजून माझ्या कर्जाचे हप्ते..."

"माझी वही वाचता येणारा या तालुक्यात एकच माणूस होता," काका म्हणाले. "त्यानेच रेघा मारल्या होत्या."

काकांनी पिशवीतून डाव्या पानाची झेरॉक्स काढली. मोठी करून आणली होती, सोबत चिकटपट्टीही. काचेजवळ गेले आणि उजव्या पानाला लागून डावं पान सरळ, ओळीत ओळ मिळवून चिकटवलं. खाली एकच आकडा घातला, ३७७, तारीख, वेळ आणि सही. पांढरी गाडी बघायला आलेलं एक जोडपं पुढे येऊन वाचू लागलं.

"काका, माझी नोकरी जाईल."

काकांचा हात चिकटपट्टीवर थांबला. सहा वर्षांचं पोर शिट्टी मागत डोळ्यांसमोर उभं राहिलं. तरीही त्यांनी अंगठ्याने पट्टी दाबून बसवली.

दारापर्यंत रोशन मागे आला. "सोडतो घरी?"

"एसटी आहे."

"घरी... येऊ की नको?"

काका पायरीवर थांबले. "ये. काकी रविवारी वाट बघते. आणि नोकरी गेली तरी ये, पान वाढलेलं असेल." मग घड्याळ बघत म्हणाले, "आधी मात्र घोलवडला नयनच्या आईला भेटून ये. आणि यापुढे माझी वही मागू नकोस."