बाबांचा खोकला आणि माझा सर्व्हर

गाण्यांच्या ॲपनं एके दिवशी माझी निम्मी आवडती गाणी करड्या रंगाची करून टाकली. बोट लावलं की ‘हे गाणं आपल्या देशात उपलब्ध नाही’ असं अदबीनं सांगायचं. मी संतापलो आणि लातूरच्या घरात स्वतःचाच सर्व्हर उभा करायचं ठरवलं. म्हणजे काय, तर भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर, त्यात मोठी डिस्क, तिच्यात कॉलेजपासून साठवलेली माझी सगळी गाणी, आणि ती नातेवाईकांना कुठूनही मोबाईलवर ऐकता यायची सोय. जगाला याची नितांत गरज आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

बायकोनं ते यंत्र बैठकीत ठेवू दिलं नाही. ते स्वयंपाकघरात, ज्वारीच्या कोठीशेजारी गेलं. त्याच्या अंगाला ऊब असते हे कळल्यावर ती त्यावर विरजणाचं भांडं ठेवू लागली. दही उत्तम लागायचं. सर्व्हरचा एवढा एकच फायदा तिनं आजवर मान्य केलाय.

मग मी सगळ्यांना फोन करून आमंत्रणं दिली. मुदखेडच्या मेव्हण्यानं विचारलं, मोबाईलवर फुकट मिळणारी गाणी तुझ्या घरातून कशाला ऐकायची? निलंग्याच्या साडूनं पासवर्ड परत परत मागून घेतला आणि एकदाही वापरला नाही. ऐकणारी निघाली एकटी अक्का, माझी नांदेडची थोरली बहीण. तीही रोज दुपारी एकच गाणं ऐकायची.

ते आमच्या बाबांचं होतं. बाबा रेल्वेत गँगमन होते आणि जयंतीला वस्तीत गायचे. तेव्हा कुणीतरी टेप करून ठेवलेली कॅसेट माझ्याकडं होती. ती सर्व्हरवर चढवण्याआधी मी आठवडाभर खपून साफ केली होती. खरखर काढली, गलका काढला, बाबांचा आवाज असा लख्ख केला की ते स्टुडिओत गायल्यासारखे वाटावेत. अक्काचा फोन आला तेव्हा कौतुक ऐकायच्या तयारीनंच मी तो उचलला.

“गाणं चांगलं केलंस,” ती म्हणाली. “पण बाबांचा खोकला कुठं गेला?”

गाण्यात नको असलेले आवाज कसे शोधायचे आणि कसे पुसायचे, ते मी तिला सविस्तर समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“कडव्याआधी ते खोकायचे, मग आई मागून पाण्याचा तांब्या द्यायची. तिच्या बांगड्या वाजतात त्यात. त्या बी पुसल्यास का?”

पुसल्या होत्या. मोठ्या कौशल्यानं. आईचा दुसरा कुठलाच आवाज आमच्यापाशी नाही, हे मात्र एवढ्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

कॅसेटची फीत कॉम्प्युटरवर उतरवून घेतानाच तुटली होती; नशीब, तिची मूळ फाईल काढून टाकायचा मी कंटाळा केला होता. कानाला हेडफोन लावून ती ऐकली. बाबा खोकले, तांब्या कशावर तरी टेकला, आणि बांगड्या किणकिणल्या. मी ते मागं घेऊन पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. बायको चहा ठेवून गेली तेही कळलं नाही.

खोकल्यासकट गाणं परत चढवलं. अक्काच्या सांगण्यावरून मुदखेडचा मेव्हणाही आता तेच ऐकतो. माझ्या बाकीच्या अफाट संग्रहाला अजून कुणी हात लावलेला नाही. आणि दुपारी आमच्याकडं वीज गेली की पंखा थांबायच्या आत नांदेडहून फोन येतो, “लाईट गेली का रे तुमची?”