रविवारचे सहा फोन

वेल्डा गावच्या शाळांचा अधीक्षक लेलंड वोबोर्नी एकोणीस वर्षं एक नेम पाळत आला. महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी शाळामंडळाची बैठक, आणि तिच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मंडळाच्या सहा जणांना सहा फोन. हे सहा जण गावाने निवडून दिलेले. अधीक्षकाला नेमणारे तेच आणि घरी पाठवणारेही तेच. शिफारस करायची याने, हात वर करायचे त्यांनी. थोडक्यात, सहा सासवा आणि सून एक.

अशा घरात नांदायचं तर बैठकीत कुणालाही कुठलीही गोष्ट पहिल्यांदा कळता कामा नये, हे लेलंडने सुरुवातीलाच ओळखलं होतं. चांगलं-वाईट जे असेल ते आदल्या दिवशी, प्रत्येकाला तेच आणि तेवढंच. फोनसुद्धा आडनावाच्या क्रमाने, म्हणजे रुसायला जागा नाही. डुकरं पाळणारा ड्वेन पोस्पिशिल फोन उचलताच विचारायचा, "शाळा जळाली का?"

"नाही, ड्वेन."

"मग उद्या बोल. ताटातला मीटलोफ गार होतोय."

तरी लेलंड सगळं वाचून दाखवायचाच. पोस्पिशिलच्या डुकरांनाही शाळांचा कारभार पाठ झाला असेल! शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न असे, "काही विचारायचं राहिलंय?"

यादीत पहिलं नाव आर्लिस ब्रॅकनचं, मंडळाच्या अध्यक्षीणबाईंचं. धान्याच्या कोठारावर येणारा एकेक ट्रक तिने तीस वर्षं काट्यावर घेतला होता, आणि बोलणंही तसंच तोलून. लेलंडची नेमणूक चार विरुद्ध दोन मतांनी झाली, त्यातलं चौथं मत तिचं. त्या दिवशी ती म्हणाली होती, "चुकलास तर सांभाळून घेईन. पण मला चारचौघांत तोंडघशी पाडू नकोस."

ऑक्टोबरात तिचा नवरा ऑर्व्हिल गेला. शुक्रवारी त्याला पुरलं, तेव्हा शवपेटीला लेलंडचाही खांदा होता. आणि सोमवारच्या बैठकीत लेलंडची शिफारस होती, सीडर फोर्कची शाळा बंद करावी अशी. सहा इयत्ता मिळून अकरा मुलं, एका वर्गात तर एकटी मुलगी. ऑर्व्हिल त्याच शाळेत शिकला होता. तिथली झाडं त्याच्या बापाने लावलेली.

रविवारी लेलंडने फोन उचलला आणि परत ठेवला.

"आज नको रे तिला," त्याची बायको डोरीन म्हणाली. "घरातले पाहुणेसुद्धा गेले नसतील."

त्यालाही ते पटलं. बैठकीचे कागद गुरुवारीच घरोघर गेले होते, ती वाचेल, असं म्हणून त्याने दुसऱ्या नावापासून सुरुवात केली. गुरुवारी नवऱ्यासाठी शवपेटी निवडणारी बाई पाकीट फोडून वाचत बसेल, हे एवढ्या शहाण्या माणसाला खरं कसं वाटलं, देव जाणे.

सोमवारी आर्लिस आली. घरी बसून तरी काय करणार होती? नेहमीप्रमाणे एकेक विषय तिनेच मोठ्याने वाचला. "विषय सातवा. सीडर फोर्कची शाळा येत्या जूनपासून बंद करावी, ही अधीक्षकांची..." तिने ती ओळ पुन्हा एकदा डोळ्यांखालून घातली. मग तिने वाक्य पुरं केलं.

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ऑर्व्हिलला पुरून चार दिवस झाले नाहीत, आर्लिस, आणि त्याची शाळा पुरायला निघालीस?"

मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं तिने म्हटलं असतं तर सगळं खापर लेलंडवर फुटलं असतं. ती म्हणाली नाही. "मतं जानेवारीत घेऊ," म्हणून तिने पुढचा विषय वाचला.

दुसऱ्या दिवशी तो तिला भेटायला कोठाराच्या काट्यावर गेला. "तुमच्या दुःखात भर नको, म्हणून फोन केला नाही."

"दुःख माझं होतं, लेलंड. खुर्ची गावाची होती." तिने खिडकीतून ट्रकवाल्याला पुढे जायची खूण केली. "ही बाई आज खुर्चीवर बसायच्या लायकीची नाही, हे तू परस्पर ठरवलंस."

"मला तुमची दया आली हो."

"तेच म्हणतेय मी."

त्यानंतरचे दोन महिने ती फोनवर सगळं ऐकून घेई आणि "बरं" म्हणून ठेवून देई.

जानेवारीत दोन मतदानं व्हायची होती, एक शाळेचं आणि एक लेलंडचा करार पुढे चालवायचं. तिघे त्याच्या बाजूने, दोघे विरुद्ध, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं. उरलं आर्लिसचं. तीन-तीन झाले की करार गेला. एकसष्टाव्या वर्षी त्याला दुसऱ्या गावात नोकरी कोण देणार? शिवाय डोरीनची आई इथल्याच वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. निवृत्तीपर्यंत त्याला अजून तीन वर्षं हवी होती, फार नाही.

रविवारी यादी पुढ्यात घेऊन तो बसला. पहिला नंबर फिरवणार तोच फोन वाजला.

"आर्लिस बोलतेय."

एकोणीस वर्षांत तिने रविवारी कधी फोन केला नव्हता.

"दोन दिवस सीडर फोर्कला जाऊन बसले होते," ती म्हणाली. "ती एकटी मुलगी सी-सॉच्या एका टोकाला बसते, आणि दुसऱ्या टोकाला कुणी नसतं. शाळेचं तुझं बरोबर होतं. मी बंद करायला हो म्हणणार."

"आर्लिस, मी तुमचा फार..."

"थांब. तुझ्या कराराला मी नाही म्हणणार आहे." मग ती म्हणाली, "उद्या चारचौघांत तुला पहिल्यांदा कळू नये, म्हणून आज सांगितलं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. डोरीनच्या आईचं सांगावं, हात जोडावेत, असं लेलंडच्या अगदी ओठांवर आलं. त्याचे डोळे भरून आले.

"काही विचारायचं राहिलंय?" आर्लिसने विचारलं.

"बाकीच्यांना सांगू?"

"सगळ्यांना. तेच, आणि तेवढंच."

पहिल्या नावापुढे त्याने खूण केली आणि एकेक नंबर फिरवू लागला. शेवटी ड्वेनची पाळी आली.

"शाळा जळाली का?"

"नाही, ड्वेन," लेलंड म्हणाला. "पण आज मीटलोफ गार होऊ दे."