खळ्यावरची पहिली पाळी

गुणवंतरावांना गाता येत नाही, हे साऱ्या मोहबोडी गावाला माहीत होतं. खंजेरी हातात दिली की त्यांचा हात तालाच्या पुढं तरी धावायचा, नाहीतर मागं तरी राहायचा. भजन मंडळानं म्हणून त्यांना कधी बसवून घेतलं नाही. तरीही पौषातल्या पौर्णिमेच्या भजनमेळ्याचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचंच यायचं. मेळा भरायचा गावखळ्यावर, आणि ते खळं राखायचे गुणवंतराव.

गावखळं म्हणजे गावाच्या शेवटी, बोडीच्या म्हणजे गावतळ्याच्या पाळीखालची, मातीच्या बांधाखालची मोकळी जागा. पूर्वी गावातल्या सगळ्यांचं धान तिथं यायचं. मधोमध तिवड्याचा खांब रोवून, भाऱ्यांवरून ओळीनं जुंपलेल्या बैलांची पात फिरवून ते चुरायचं, मळायचं. ज्याच्या धानाची रास पडे, तो रासेची पूजा करी आणि चार जणांना बोलावून भजन म्हणवी. असं करता करता सगळ्यांनी मिळून शेवटी एकच दिवस ठरवला, शेजारच्या गावांची मंडळं येऊ लागली आणि त्याचा मेळा झाला. आता त्या भागात वाघाचा वावर वाढल्यापासून मेळा रात्रीचा राहिला नव्हता. सकाळी उन्हं वर आली की सुरू आणि दिवस मावळायच्या आत सगळे आपापल्या घरी.

दुसराही एक बदल झाला होता. गावात हार्वेस्टर आलं. धानाच्या उभ्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात शिरायचं, पलीकडून धान बोऱ्यांत भरून बाहेर. भारे नाहीत, भारे रचून घातलेलं पुंजणं नाही, चुरणी नाही. दरवर्षी एकेक घर खळ्यावरून कमी होत गेलं आणि शेवटी एकटे गुणवंतराव उरले. ते अजून विळ्यानं धान कापवून घेत, भारे खळ्यावर आणत, आपल्या बैलजोडीनं चुरत. लोक हसत. हट्टी म्हातारा म्हणत. गुणवंतरावांचं म्हणणं एवढंच, की बैलांच्या खुरांनी तुडवल्याशिवाय खळं बसत नाही. न बसलेल्या खळ्यावर माणसं नाचली की धूळ उठते आणि गाणाऱ्यांचे गळे धरतात.

गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीनं रस्त्याला लागून सभागृह बांधलं. वर टिनाचं छप्पर. सरपंच मंजुषाबाई सरळ मनाच्या बाई होत्या, त्यांनी ग्रामसभेत सगळं उघड सांगितलं होतं. खळ्याच्या जागेवर गोदाम बांधायचं आहे. मेळा सभागृहात भरेल. वाघाची भीती नाही, पंखे आहेत, पाणी आहे. तेव्हा गुणवंतराव उठून म्हणाले होते की खळं चालू असताना त्यावर गोदाम कसं बांधता? मंजुषाबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "काकाजी, खळ्यावर चुरणी होऊन राह्यली तोवर मी हात लावत नाई. ज्या वर्षी पौर्णिमेपर्यंत चुरणी झाली नाई, त्या वर्षी समजा जागा रिकामी झाली." सभेनं माना डोलावल्या. गुणवंतरावही निश्चिंत झाले. आपलं धान आपल्या हातात आहे, मग अडचण कसली, असा त्यांचा हिशेब.

आणि तिथंच घोळ झाला.

कार्तिकात राजुऱ्याहून निरोप आला. गुणवंतरावांचे भाऊजी पाय मोडून पडले होते आणि शेतात कापूस फुटून उभा होता. बहिणीला दुसरं कोण? गुणवंतराव वेचणी उरकेपर्यंत तिकडंच राहिले. त्यांचा मुलगा प्रवीण ऊर्जानगरला वीजकेंद्रात ठेकेदाराकडं कामाला. सुटीच्या दिवशी तो मोटारसायकलवर गावी आला, तर बापाचं धान पिकून वाकलेलं. मजूर मिळेना. शेजारच्या बांधीत हार्वेस्टर चालू होतं. बाबा थकून येतील, त्यांना आयतं धान घरात मिळावं, म्हणून त्यानं मशीन आपल्या बांधीत वळवलं. संध्याकाळपर्यंत सगळं धान बोऱ्यांत भरून पडवीत रचलं गेलं.

गुणवंतराव परतले ते पडवीतच थबकले. एका बोरीवर हात ठेवला; यंदा खळ्यावर न्यायला एकही भारा उरला नव्हता. त्यांची बायको गुणाबाई लोटाभर पाणी घेऊन आली. तिनं त्यांचं तोंड पाहिलं आणि काय ते समजली.

पोराला बोलावं तरी काय? त्यानं मायेनंच केलं होतं. पुढच्या सुटीत प्रवीण आला आणि त्याला सारं कळलं, तेव्हा तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला की रस्त्याच्या कामावरचा रोलर आणू, एका फेऱ्यात खळं दाबून होईल. गुणवंतराव म्हणाले की रोलर फिरवला म्हणजे चुरणी झाली असं मंजुषाबाईंना कोणत्या तोंडानं सांगू?

"मंग बोऱ्या खोला," गुणाबाई चुलीपासून म्हणाली. "धान खळ्यावर वता अन् फिरवा बैल. चुरलेलं धान पुन्हा चुरणारे तुमी पयलेच."

प्रवीण हसला. मग गुणवंतरावांनाही हसू आलं. पण रात्री जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोडीच्या पाळीवरून चालत निघाले. पाळीच्या पलीकडं ढिवर मोहल्ला होता. बोडीत मासे धरायचे, पाळीला लागून असलेल्या लहान लहान बांध्या कसायच्या आणि मजुरीला जायचं, असा तिथल्या लोकांचा संसार. त्या बांध्यांत पाणी झिरपत राही, चिखल वाळत नसे, म्हणून हार्वेस्टर तिथं उतरत नव्हतं. मोहल्ल्यातल्या इस्तारीच्या अंगणात धानाचं पुंजणं उभं होतं. गुणवंतराव ते दुरूनच पाहत आले.

इस्तारी जाळं विणत बसला होता. त्याची बायको गोकुळा सुकट पसरत होती. तिनं खाट टाकली. गुणवंतरावांनी इकडचं तिकडचं बोलून पाहिलं, मग सरळ विचारलं की यंदा तुझं धान गावखळ्यावर चुरशील का, बैल माझे, राबणारा मी.

इस्तारीनं हातातली गाठ पक्की केली.

"भाऊ, माहा बाप भारे घेऊन खळ्यावर येत होता. तुमाले आठवते?"

गुणवंतरावांना आठवत होतं.

"पयले पाटलाची पाळी. मंग तुमची. मंग अख्ख्या गावाची. आमची पाळी येईपर्यंत अर्धं धान उंदरानं नेलं. म्हून बापानं खळं सोडलं. घरी आंगणातच काठीनं झोडत होता. तवा कोनी बलवाले नाई आला. आता तुमचं मशीननं नेलं, तं इस्तारी आठवला."

"असं बोलते का घरी आलेल्या मानसाले?" गोकुळा म्हणाली.

"खरं तेच बोलून राह्यलो."

इस्तारीच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. तेव्हा ते तरुण होते, त्यांच्या वडिलांची पात पुढं असायची आणि ढिवरांचे भारे कडेला पडून असायचे. ते त्यांनी रोज पाहिलं होतं आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं. मेळ्यातही ढिवर मोहल्ला पाळीच्या उतारावर, सगळ्यांच्या मागं बसायचा. पण बसायचा तरी. टिनाच्या सभागृहाच्या दारातून त्यातले किती आत येतील, हा प्रश्न त्या खाटेवर बसल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा आला.

"तू सांग," ते म्हणाले.

"यंदा चुरतो. पण यंदापुरतं नाई. खळ्यावरची पयली पाळी आमची, दरसाल. अन् मेळ्याचं पयलं भजनही आमच्या मोहल्ल्याचं. हे तुमी मले इथी नोका सांगू. गावात सांगा, सगळ्याइच्या समोर."

परतताना गुणवंतरावांची चाल मंद होती. मागणी रास्त होती, पण ती मान्य करणं एकट्याच्या हातात नव्हतं. त्यांनी मंजुषाबाईंना विनंती केली आणि शनिवारी माणसं पंचायतीसमोर जमली. गुणवंतरावांनी इस्तारीचं म्हणणं जसंच्या तसं मांडलं. आपल्या वडिलांच्या पातीचंही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. कुजबुज झाली. धनराज पाटील, ज्यांच्या घराची पाळी पिढ्यानपिढ्या पहिली, ते खुर्चीतून म्हणाले,

"म्हंजे आमी आता त्याइच्या मांग?"

"धनराजभाऊ," गुणवंतराव शांतपणे म्हणाले, "तुमची पाळी कोन घेऊन राह्यला? तुमचं धान बोऱ्यात. माह्यंही बोऱ्यात. आज खळ्यावर न्याले ज्याच्यापाशी भारा हाये, असा इथी एक इस्तारीच."

मागून कुणीतरी खुदकन हसलं. धनराज पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, काही बोलायला गेले, आणि मग पानाचा डबा उघडला. आणखी कुणाला काही म्हणायचं आहे का, असं मंजुषाबाईंनी विचारलं. कुणाचा हात वर झाला नाही, तेव्हा इस्तारीची मागणी मान्य झाली असं त्यांनी जाहीर केलं. शेवटच्या ओळीत उभ्या असलेल्या इस्तारीनं खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि तो निघून गेला. सकाळी लोकांनी पाहिलं, तर त्याचे भारे खळ्याच्या वाटेला लागले होते.

गुणवंतरावांनी खळं शिंपलं, तुडवलं. गुणाबाई आणि गोकुळा दोघींनी मिळून ते शेणानं सारवलं. तिवडा रोवला. इस्तारीनं भारे पसरले आणि गुणवंतराव बैलांमागं फिरू लागले. दुसऱ्याच्या धानावर पात हाकायची त्यांची ही पहिलीच वेळ. मध्येच इस्तारी ओरडायचा की भाऊ, कडेचं राहून जाते, बैल बाहेरून घ्या. गुणवंतराव बाहेरून घ्यायचे. मंजुषाबाई पंचायतीकडं जाता जाता पाळीवर थांबल्या, रास पाहिली आणि म्हणाल्या की गोदामासाठी शाळेमागची जागा बघावी लागेल.

पौर्णिमेला मेळा खळ्यावरच भरला. पहिलं भजन ढिवर मोहल्ल्याचं झालं. त्यांच्या खंजेऱ्या जुन्या होत्या, आवाज मात्र बोडीच्या पाण्यावरून पलीकडच्या काठापर्यंत गेला. दंडारीचे गडी नाचले, धूळ उठली नाही. धनराज पाटील जरा उशिरा आले, पण आले.

मेळा उठल्यावर चटया गुंडाळता गुंडाळता प्रवीणनं विचारलं की पुढच्या साली मशीनवाल्याला काय सांगायचं. मोठ्या बांध्या त्याला दे, गुणवंतराव म्हणाले, फक्त बोडीखालची एक बांधी सोड, ती आपण विळ्यानं कापू.

तसंच झालं. पुढच्या वर्षी बापलेकांनी ती एक बांधी कापली आणि भारे खळ्यावर आणले. इस्तारीची पात चालू होती, त्याच्यामागं ढिवर मोहल्ल्यातल्या आणखी घरांची पुंजणी लागली होती. गुणवंतरावांनी आपले भारे कडेला, पाळीच्या उताराशी रचले, बैल सोडून तणसापुढं बांधले आणि आपली पाळी यायची वाट बघत उन्हात बसून राहिले.