हमीदाभाभींची परीक्षा

हमीदाभाभी दार वाजवत नसत. बाहेरूनच भांडायला सुरुवात करत आणि आत येईपर्यंत जिंकलेल्या असत. त्या रत्नागिरीकडच्या. त्यांचे इस्माईलभाई आणि माझा नवरा एकाच कंत्राटदाराकडे फिटर. कुवेतमधल्या अहमदीत आमची क्वार्टर्स शेजारी. मी तिथल्या दवाखान्यात नर्स.

एक्याण्णव साली लढाई संपली, तेलविहिरींची आग विझली, मग आम्ही बायका-मुलं परत आलो. भिंतींवर काजळी होती आणि वाळूत सुरुंग. कंत्राटदाराने परीक्षा घ्यायचा नियम काढला: धोक्याच्या इंग्रजी पाट्या जिला वाचता येतील तिनेच इथे राहावं, बाकीच्यांनी मुलं घेऊन गावी जावं. भाभींना कुठलंच अक्षर येत नव्हतं.

"दहाबारा शब्द आहेत," मी म्हटलं. "पाठ करून टाका."

"सुरुंग काय शिकलेल्या बाईला बघून थांबतो, सिस्टर? माझा धाकटा चार वर्षांचा. तो वाचणार काय पाटी? लाल कवटी काढा म्हणावं तिच्यावर. तोपण समजेल."

"मग कंत्राटदाराच्या साहेबांना सांगा."

"सांगितलं. आमचं 'नाय' कोण ऐकतो? ज्यांना येतं त्यांनी नाय म्हणायचं."

हेच त्या घरोघरी सांगत फिरल्या. माझा नवरा वैतागला. "तुला येतं ना? वाच आणि घरी ये. उगाच आपलं क्वार्टर जायचं." ते जाण्याची भीती होतीच. पण निरक्षर बाईला विमानात बसवल्याने वाळूतला सुरुंग निघत नाही, हे मला दिसत होतं.

परीक्षेला पहिलं नाव माझं. साहेबांनी पाटी पुढे केली.

"नहीं आता," मी म्हटलं.

"सिस्टर! आप तो रोज़ अंग्रेज़ी में रिपोर्ट लिखती हैं!"

"आज नहीं आता."

माझ्यामागून बीएस्सी झालेली केरळची बाई आली. तिलाही येईना. एकजात सगळ्या नापास. शेवटी भाभी उठल्या. "साब, मेरे को तो सच्ची में नहीं आता," म्हणाल्या, आणि खोलीभर हशा झाला. साहेब हसले नाहीत. सगळ्यांची घरं मोडायची तर कामावर फिटर उरणार नाहीत, एवढं मात्र त्यांना कळलं.

आठवड्याभरात पाट्यांवर लाल कवट्या आल्या. परीक्षेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर एका सकाळी भाभी बाहेरूनच ओरडत आल्या, "सिस्टर, आता शिकवा मला वाचायला!"

"आता कशाला? आता गरज नाही."

"म्हणून तर!"